अब्बांची फुकटातली टीम

माझे वडील व्हिडिओ गेम खेळतात. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण हे वाक्य दबक्या आवाजात बोलायचं असतं असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पांढऱ्या दाढीचा, हज करून आलेला माणूस भरदुपारी पडवीत बसून टॅबलेटवर फुटबॉल खेळतो, म्हणजे एक तर त्याचं डोकं फिरलंय, नाहीतर त्याच्या मुलीचं त्याच्याकडे लक्ष नाही. दोन्ही खोटं. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, आणि माझं त्यांच्याकडे जरा जास्तच लक्ष आहे अशी त्यांची स्वतःचीच तक्रार असते.

अब्बा जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, साखळ्या, नांगर, रंगकाम, आणि या सगळ्याहून अवघड म्हणजे माणसं, त्याच्या ताब्यात. अख्खी रत्नागिरी क्रिकेटची वेडी असताना अब्बांना फुटबॉलचं वेड लागलं ते बंदरांमुळे. माल उतरेपर्यंत जहाज धक्क्याला असायचं, आणि खलाशी कुठल्याही देशाचा असो, भाषा कळली नाही तरी चेंडू कळायचा. अब्बा गोलात उभे राहायचे. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आजही वाकडी आहे. कुठल्या बंदरात मोडली ते दरवेळी वेगळं सांगतात.

मी मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, ती त्यांच्यामुळेच. लग्न केलं नाही. तो वेगळा विषय आहे, आणि तोही दबक्या आवाजात बोलायचा नाही. अम्मी गेल्यापासून भाट्याच्या खाडीकडे तोंड असलेल्या आमच्या घरात आम्ही दोघंच. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर पुण्याच्या वाचकाची पंचाईत होईल, म्हणून अब्बांचं बोलणं मी थोडं सोपं करून लिहितेय. त्यांना हे मुळीच आवडणार नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, पण चालणं घरापुरतं उरलं. खाडीवर जाऊन होड्या मोजणं बंद, धक्क्यावर गप्पा बंद, मशिदीत रिक्षानं जाऊन खुर्चीवर नमाज. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडले तो माणूस आता पाण्याच्या तांब्यासाठी हाक मारायचा, आणि तांब्या दिला की दिल्याबद्दल चिडायचा. दुबईला असलेल्या माझ्या भावानं तेव्हा टॅबलेट पाठवला आणि त्यात फुटबॉलचा गेम घालून दिला. पहिल्या आठवड्यात अब्बा म्हणाले, ही पोरांची खेळणी. दुसऱ्या आठवड्यात मी शाळेतून आले तेव्हा ते टॅबलेटवर ओरडत होते, "अरे मागे बघ! मागे कोण हाय?"

ते महिने फार चांगले गेले. दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, आम्ही पडवीत बसायचो. एक मॅच त्यांची, एक माझी. शेजारचे चाचा चहाला यायचे आणि कॉमेंट्री करायचे. अब्बांना पुढे धावणाऱ्यांचं कौतुक कमी, त्यांचा सगळा जीव बचावात. एक-शून्यने जिंकले की ते चार-शून्यने जिंकल्यापेक्षा जास्त खूश असायचे. गुडघ्याचं दुखणं त्या वेळात ते विसरायचे, आणि मीही विसरायचे की हा तोच माणूस आहे जो सकाळी बिछान्यातून उठायला नकार देतो.

मग पॅक आले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या खेळात टीम फुकट मिळते, पण साधी. चांगले खेळाडू हवे असतील तर बरेच दिवस खेळून ते कमवायचे, नाहीतर पैसे भरून पॅक घ्यायचं. पॅकमध्ये कोण आहे ते घेण्याआधी कळत नाही. उघडल्यावरच कळतं. बहुतेक वेळा आत कुणीतरी सामान्यच निघतो. क्वचित मोठा निघतो, आणि तो क्वचितचा मोठाच जाहिरातीत दाखवलेला असतो. इंग्रजीत याला लूट बॉक्स म्हणतात. लूट कुणाची, हे नाव ठेवणाऱ्याला नक्की माहीत असावं. अब्बा त्याला पेटी म्हणायचे.

पेटी उघडण्याचा सोहळा असतो. स्टेडियमचे दिवे विझतात. ढोल घुमतो. बोगद्यातून एक सावली चालत येते. आधी देशाचा झेंडा दिसतो, मग खेळाडूची जागा, मग क्लब, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. एवढ्या वेळात चाचांचा चहा निवायचा. झेंडा पाहूनच दोघं अंदाज बांधायचे, "हा तोच, तोच येणार!" आणि यायचा तिसराच. "पुढच्या पेटीत," अब्बा म्हणायचे. भावाचं कार्ड टॅबलेटला जोडलेलं होतं. अंगठा टेकवला की काम झालं.

माझ्या लक्षात आलं ते पैशांवरून नव्हे. एक दिवस घरी आले, चहा केला, जवळ बसले आणि म्हटलं, "अब्बा, आज मॅच लावायची ना?"

"थांब गो, ही एक उघडतो."

ती उघडली. मग आणखी एक. चहा संपला, चाचा उठून गेले, सूर्य बुडून मगरिबची अजान झाली. त्या संध्याकाळी एकही मॅच झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्याकडे आता खेळाडूंचा ढीग होता, आणि ते एकालाही मैदानात उतरवत नव्हते. ज्या माणसाची करंगळी फुटबॉलनं मोडली होती तो फुटबॉल खेळायचा थांबला होता. फक्त उघडत होता.

मी सरळ बोलणारी बाई आहे. मी म्हटलं, "अब्बा, हा जुवा आहे."

त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला. "काय म्हणालीस?"

"जुवा. जुगार."

हा शब्द आमच्या घरात साधा नाही. जहाजावर खलाशी तीन पत्ती खेळायचे. एकानं मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या बांगड्या डावावर लावल्या आणि घालवल्या, तेव्हा अब्बांनी सगळ्या जहाजावरचे पत्त्यांचे जोड गोळा केले आणि कप्तानासमोर समुद्रात फेकले. कप्तानाचाही जोड त्यात होता म्हणतात. मोहल्ल्यात आजही कुणी ना कुणी हा किस्सा सांगतं. आणि त्या माणसाला त्याची मुलगी पडवीत, शेजाऱ्याच्या कानावर जाईल अशा आवाजात जुगारी म्हणत होती.

"जुव्यात माणूस जिंकला तर पैसे घरी आणतो," अब्बा म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत झाला की मला भीती वाटते. "माझ्याकडे काय येतं? एक पै येत नाय. मग जुवा कसला?"

"एक पैसुद्धा येत नाही, हे तर अजूनच वाईट!"

"सरकारनं पैसे लावायचे सगळे ॲप बंद केले. पेपरात आलं होतं, तूच वाचून दाखवलंस. हा बंद केला? नाय केला. म्हणजे सरकारला कळत नाय आणि तुला कळतं."

मी कप उचलून आत गेले. पुढे मी याविषयी मिळेल ते वाचत गेले तेव्हा कळलं की जगभर अगदी हाच वाद चाललाय. कुठे बंदी घातली, कुठे सोडून दिलं, कुठे अजून विचार चालू आहे. आणि पॅक विकणाऱ्यांची बाजू मांडणारे मोठमोठे लोक जे बोलतात ते सगळं माझ्या वडिलांनी पडवीत बसून आधीच बोलून ठेवलं होतं: बक्षिसाचे पैसे होत नाहीत, म्हणून हा जुगार नाही. पण मी खेळ शिकवते. सरावानं मिळालेलं काय आणि नशिबानं मिळेल या आशेवर बसणं काय, यातला फरक मला कायद्याच्या पुस्तकात शोधावा लागत नाही. मैदानावर तो रोज दिसतो.

अब्बा माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला बसायचे, पण ताटाकडे बघून. मी केलेलं बांगड्याचं कालवण बाजूला सारून वरणभात खायचे. याहून मोठा अपमान आमच्या घरात नाही. भावाचा फोन आला.

"तू त्यांना काय बोललीस?"

"खरं ते."

"म्हातारा माणूस आहे. कार्ड माझं, पैसे माझे. त्यांचा विरंगुळा आहे तो, होऊ दे की. तुला काय त्रास?"

"तू लांबून पैसे पाठवतोस, मी समोर बसून बघते. मला त्रास आहे."

"तुला सगळ्याचाच त्रास असतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी म्हटलं असू दे. माझ्या वडिलांशी माझं भांडण होतं ते मी अर्धवट सोडणार नव्हते.

ते मिटलं भलत्याच माणसामुळे. आमच्या मशिदीतले मौलाना तरुण आहेत. ते अब्बांच्या गुडघ्याची चौकशी करायला आले. मी चहा ठेवला. अब्बा इकडचं तिकडचं बोलले, मग टॅबलेट पुढे करून एकदम म्हणाले, "मौलानासाहेब, एक विचारायचं होतं. माझी मुलगी म्हणते हा जुवा आहे. तुम्ही सांगा. ती चुकली असेल तर तिच्यासमोर सांगा."

मला वाटलं आता लांबलचक प्रवचन होणार. मौलानांनी टॅबलेट हातात घेतला आणि असा सराईतपणे फिरवला की मी बघतच राहिले. "मी क्रिकेटचा खेळायचो," ते जरासे लाजून म्हणाले. "त्यात बॅटची पेटी असायची." मग त्यांनी टॅबलेट खाली ठेवला. "चाचा," ते अब्बांना म्हणाले, "मी काही मोठा मुफ्ती नाही. फतवा देणार नाही. पण तुमचं घराणं माशांवर वाढलेलं. समजा मी म्हटलं, खाडीत माझा एक मासा आहे, अजून पाण्यात आहे. महागातली तांबोशी निघेल, नाहीतर साधा शिंगाळा निघेल. पैसे मात्र आत्ता द्या. द्याल?"

अब्बा हसले. "पाण्यातल्या माशाचा सौदा होत नाय."

"का होत नाही?"

"कारण तो अजून हातात नाय. आणि कुठचा हाय ते ठाव नाय. असा सौदा आपल्यात मना आहे, हे तुम्ही मला..."

वाक्य तिथेच राहिलं. मौलानांनी ते पुरं केलं नाही, मीही नाही. अब्बा टॅबलेटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. शेवटी अब्बांनी विचारलं, "आणि खेळ? खेळपण सोडायचा?"

"नमाज चुकवू नका, कुणाचा हक्क मारू नका, पैसे लावू नका. बाकी, गुडघ्याचं दुखणं विसरत असाल तर खेळा की."

मौलाना गेल्यावर अब्बांनी टॅबलेट माझ्यासमोर धरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "ही टीम पूस. सगळी. नव्यानं सुरू कर."

"अब्बा, आहेत ते खेळाडू राहू देत. पुढे घेऊ नका म्हणजे झालं."

"यातला कोण खेळून मिळालेला आणि कोण पेटीतला, ते आता कसं निवडणार? पूस म्हणतो ना."

मी पुसली. एवढ्या संध्याकाळी, एवढे ढोल, एवढे झेंडे गेले एका बोटासरशी. नंतर त्यांनी भावाला फोन लावायला सांगितलं आणि त्याला म्हणाले, "तुझं कार्ड काढून घे." तिकडून भाऊ बरंच काही बोलत होता. अब्बांनी फोन कानापासून लांब धरला आणि तो दमेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काढलंस का?"

आता त्यांच्याकडे होती ती सगळ्यांना सुरुवातीला मिळते ती फुकटातली टीम. नाव न ऐकलेले खेळाडू, पायात वेग नाही, गोलकीपर तर असा की चेंडू बघून विचारात पडायचा. समोर मात्र विकतच्या, चकचकीत टीमा. अब्बा हरले. रोज हरले, मोठ्या फरकानं हरले. चाचा म्हणाले, "कशाला जिवाला त्रास? एक छोटी पेटी घ्या, फक्त पुढच्या फळीसाठी." अब्बांनी त्यांच्याकडे असं बघितलं की चाचा चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी आले, पण पेटीचं नाव काढलं नाही.

गेम मात्र नाव काढायचा. हरलं की लगेच पाटी यायची: आजच्या दिवसापुरतं, फक्त तुमच्यासाठी. अब्बा ती मोठ्यानं वाचायचे आणि मोठ्यानंच उत्तर द्यायचे, "नको!" दुकानाचं चिन्ह पडद्याच्या एका कोपऱ्यात लुकलुकत असायचं. त्यावर त्यांनी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. गेम नवीन झाला आणि चिन्ह दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. तिथेही टेप चिकटवली. टॅबलेट बघून लोकांना वाटायचं काच फुटली आहे.

मी त्यांना शाळेतल्या मुलींसारखं शिकवायला घेतलं. धावून जाऊ नका, चेंडू पास करा, जागा बघा, थकलेल्याला बदला. ते वाद घालायचे, मीही घालायचे. पहिली मॅच जिंकले तेव्हा त्यांनी मला हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीला धरून स्वतः चालत आले आणि म्हणाले, "एक-शून्य."

पावसाळा सरला आणि मोबाइलच्या एका दुकानदारानं शहरात या गेमची स्पर्धा जाहीर केली. हॉल ठरला, मोठा पडदा ठरला. नाव नोंदवणाऱ्याला एक पॅक फुकट, जिंकणाऱ्याला मोबाइल आणि पॅकच पॅक. ते फुकटचं पॅक घ्यायचं नाही असं बजावून अब्बांनी नाव नोंदवायला मला पाठवलं. पण नाव लागण्याआधीच शहरात बोंब उठली. काही पालकांनी ठरवलं की हा जुगाराचा अड्डा आहे, स्पर्धा होऊ द्यायची नाही, आणि मुलांचे सगळेच मोबाइल गेम बंद करायचे. दोन्ही बाजूंची एक सभा ठरली. अब्बा म्हणाले, "मला घेऊन चल." मी त्यांना रिक्षात घातलं.

सभेचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. ते छान बोलले. आपली पिढी, मैदानं, मुलांचे डोळे, संस्कार. प्रत्येक वाक्यात मुलं होती. पालक टाळ्या वाजवत होते. मग दुकानदार उठला. "साहेब, कसला जुगार? खाऊच्या पुड्यात खेळणं निघतं, तसं हे. गंमत आहे. मुलांना आवडतं."

अब्बा काठी टेकवत उभे राहिले. मी सावरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

"मघापासून सगळे मुलं मुलं करताय," ते म्हणाले. "मी मूल नाय. मी जहाजावर सारंग होतो, नातवंडांचा आजा आहे. आणि मी या पेट्या उघडल्या. लहान आहे म्हणून माणूस फसतो असं नाय. ते दिवे, तो ढोल, ते फसवायलाच बनवलंय. शहाण्या माणसासाठीच बनवलंय, कारण खिशात पैसे त्याच्याच असतात." मग ते दुकानदाराकडे वळले. "पुड्यातलं खेळणं निघालं नाय तरी पुड्यात खाऊ असतो. तुझ्या पेटीत खाऊ कुठे आहे?"

लोक हसले. दुकानदारही थोडा हसला. प्राध्यापकांना वाटलं आपली बाजू जिंकली. ते म्हणाले, "ऐकलंत? अनुभवी माणसाचा शब्द आहे. म्हणजे आपणही बंदीच्या बाजूनं आहात."

"नाय. खेळाला हात लावायचा नाय."

"पण आपणच आत्ता म्हणालात..."

"पेटीबद्दल म्हणालो. खेळानं मला उठून बसवलं. तो मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाय, तुमच्यापण नाय."

"मग आपण नक्की कुठल्या बाजूचे?"

"खेळणाऱ्याच्या," अब्बा म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या नाहीत. कुठल्याच बाजूला ते पटलं नव्हतं. मला मात्र आता बसवेना. मी उठून म्हटलं, "स्पर्धा घ्या, पण सगळ्यांनी नव्या, फुकटातल्या टीमनं खेळायचं. सगळ्यांची टीम सारखी. पॅक नाही, ना देण्यात ना बक्षिसात. मग जो जिंकेल तो खेळून जिंकेल."

"बाई," दुकानदार म्हणाला, "पॅक आहेत म्हणून तर वरून, कंपनीकडून, मदत मिळतेय. असल्या टीमा बघायला कोण येणार?"

मागून एक पालक म्हणाले, "आणि बाईमाणसानं यात कशाला पडावं? शाळेत शिकवता ना तुम्ही?"

"शिकवते. खेळच शिकवते," मी म्हटलं. "स्पर्धा तुम्ही घेत नसाल तर मी घेते."

बोलून गेले तेव्हा माझ्याकडे ना जागा होती ना पडदा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना शाळेचा हॉल मागितला. त्या म्हणाल्या, व्हिडिओ गेमचं नाव शाळेला नको. मी म्हटलं ठीक. परत येऊन अंगणात उभी राहिले. चिऱ्यांचं कुंपण, आंब्याची दोन कलमं, मधे बऱ्यापैकी मोकळी जागा. चाचांच्या जावयानं टीव्ही आणून दिला. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून होडीवर टाकायची ताडपत्री बांधली. बक्षीस म्हणून मी एक खराखुरा फुटबॉल आणला.

एका रविवारी सकाळी स्पर्धा झाली. गर्दी झाली असं मी म्हणणार नाही. माझ्या संघातल्या मुली आल्या, मोहल्ल्यातले काही तरुण आले, पावस गावाहून एक बाप आपल्या लेकीला मोटरसायकलवर घेऊन आला. सभेत मला बाईमाणूस म्हणणारे गृहस्थ फाटकाशी आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी मुलाला आत सोडून गेले. मौलाना येऊन चहा पिऊन गेले. खेळा म्हटलं तर म्हणाले, नको, मला परत नाद लागेल. सगळ्यांच्या टीमा सारख्याच सामान्य होत्या. सुरुवातीला तरुण वैतागले. यांना पळताच येत नाही, याला शॉटच नाही! मग हळूहळू अंगण शांत झालं. लोक खेळ बघायला लागले. कोण पास करतोय, कोण घाई करतोय, कोण वाट बघतोय. ज्यांच्याकडे एरवी सोन्याच्या टीमा होत्या ते पहिल्याच फेरीत गेले, आणि गेल्यावर घरी न जाता भिंतीवर बसून राहिले.

अब्बा पहिली मॅच जिंकले, अर्थात एक-शून्यने. दुसऱ्यात त्यांच्यासमोर माझ्या शाळेच्या संघाची गोलकीपर आली, नववीतली. तिनं त्यांना तीन गोल घातले. तिसरा झाल्यावर ती अब्बांना अदबीनं म्हणाली, "चाचा, तुमचा गोलकीपर लवकर बाहेर येतो."

भिंतीवरच्या पोरांनी अब्बांकडे माना वळवल्या. सारंगाला कुणी त्याची चूक दाखवत नसे.

"बरोबर," अब्बा म्हणाले. "मीपण यायचो. म्हणून तर हे झालं." आणि त्यांनी तिला वाकडी करंगळी दाखवली. त्या दिवशी ती म्हणे अँटवर्पच्या बंदरात मोडली होती.

फुटबॉल तीच मुलगी घेऊन गेली.

काय फरक पडला, असं मला लोक विचारतात. दुकानदाराची स्पर्धा पुढच्याच महिन्यात झाली, पॅकसकट, आणि आमच्या अंगणाच्या कितीतरी पट गर्दी तिथे होती. प्राध्यापकांनी बंदीसाठी सह्यांची मोहीम काढली. मी सही केली नाही, म्हणून ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत. भली मोठी ती गेम कंपनी. रत्नागिरीतल्या एका अंगणात तिच्या पेट्यांना नको म्हटलं हे तिच्या कानावरसुद्धा गेलं नसेल. मला माहीत आहे. मी काही जग बदललं असा दावा करत नाही. पण मला दोन बाजूंतली एक निवडायला सांगितली होती. एक म्हणत होती सगळं घ्या, दुसरी म्हणत होती सगळं टाका. मी दोन्हींनाही नाही म्हटलं आणि अजून म्हणते. आमच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी अजून टीव्ही लागतो. नवी टीम घेऊन कुणीही यावं.

ईदला भाऊ दुबईहून आला. शीरखुर्मा झाला, पाहुणे येऊन गेले, आणि दुपारी त्यानं आपला फोन काढला. त्याची स्वतःची टीम होती, सगळे मोठे, सगळे चमकणारे. "या अब्बा," तो म्हणाला, "बघू तुमची ती फुकटातली पोरं."

"नवी टीम घे, मग खेळू," मी म्हटलं.

"का? मी पैसे दिलेत यांचे."

"असू दे, असू दे," अब्बा म्हणाले. "आहे तीच घेऊ दे त्याला."

आम्ही पडवीत बसलो. चाचा आले, भावाची मुलं आली. भावाचे खेळाडू वाऱ्यासारखे धावत होते. अब्बांचे चौघे बचावपटू मागे जागा धरून उभे, हलायला तयार नाहीत. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. भाऊ खुर्चीच्या टोकाला आला. दुसऱ्या भागात अब्बांनी एक गोल केला आणि चाचांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मग भावाच्या त्या मोठ्या खेळाडूंनी शेवटी शेवटी दोन गोल घातले, एकामागून एक. अब्बा हरले.

भाऊ हात वर करून हसला. "बघितलंत? शेवटी पैसा बोलतो."

अब्बांनी चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला. टॅबलेट मांडीवर सरळ केला.

"परत लाव," ते म्हणाले.